पुतळाबाईचं भ्यावाचं पुस्तक

पुतळाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. वाडीत घड्याळ नव्हतं. खालून मालगाडी जायची, तिचा आवाज डोंगराला येऊन लागला की ती उठायची. चूल, भाकऱ्या, पाणी, शेळीला पाला, आणि उजाडायच्या आत डोंगर उतरायला सुरुवात. ठाकरवाडीपासून वडगावच्या अलीकडच्या खाणीपर्यंत दीड तासाची चाल होती. सातच्या ठोक्याला तिच्या हातात हातोडा असे.

हे साल एकोणीसशे त्रेसष्ट. रेल्वेच्या रुळांखाली घालायची खडी त्या खाणीत फुटायची. पुरुष सुरुंगाची भोकं पाडायचे आणि मोठे धोंडे फोडायचे. बायका बसून त्याची दोन इंची खडी करायच्या. डाव्या हातात जुन्या टायरची कडी, कडीत दगड, उजव्या हातात हातोडा, बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले. दगडाला शीर असते. ती सापडली तर दोन घावांत काम होतं. नाही सापडली तर दहा घाव लागतात आणि हाती चुरा येतो. चुऱ्याची मजुरी कुणी देत नाही. म्हणून पुतळाबाई दगड आधी फिरवून बघायची आणि मगच मारायची. तिच्या ढिगात चुरा सगळ्यांत कमी निघे.

छत्तिसाव्या वर्षी ती वाचायला शिकली. तेव्हा गावोगाव मोठ्या माणसांचे साक्षरतेचे वर्ग निघाले होते. वाडीतही दिवेलागणीला गुरुजी यायचे. पहिल्या आठवड्यात तिनं पाटीवरच्या चार पेन्सिली मोडल्या, कारण बोटं हातोड्याची पकड सोडत नव्हती. गुरुजी म्हणाले, "बाई, जरा हलक्या हातानं." ती म्हणाली, "गुरुजी, हलका हात कुटनं आणू?" पण तिनं तो आणला. वर्षभरात ती जोडाक्षरं वाचू लागली. खाणीवरच्या बायका तिच्याकडून आपापली पत्रं वाचून घेऊ लागल्या.

शिकून झालेल्यांचं वाचन सुटू नये म्हणून गुरुजी वडगावच्या वाचनालयातून पुस्तकं आणून देत. पुस्तक निवडायची त्यांची कसोटी एकच होती, अक्षर मोठं पाहिजे. मोठं अक्षर मुलांच्या पुस्तकांत असतं. पुतळाबाईला पहिलं पुस्तक मिळालं ते शेणखताच्या खड्ड्याचं, दुसरं एका खरं बोलणाऱ्या मुलाचं. दोन्ही तिनं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली आणि परत केली. तिसरं होतं 'सतरावी पायरी'. खाली लिहिलं होतं, 'कुमारांसाठी भयकादंबरी'. गुरुजींनी ते वाचलेलं नव्हतं. अक्षर बघितलं आणि दिलं.

ती ते फडक्यात बांधून खाणीवर घेऊन गेली. दुपारी बायका करंजाच्या सावलीत भाकरीची गठुडी सोडून बसल्या होत्या. रतनबाई त्यांच्यात वयानं मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी. तिनं फडकं पाहिलं.

"काय गं पुतळे, सोनं आनलंस का काय?"

"पुस्तक हाय, मावशी."

"मंग वाच की. मनातल्या मनात काय खातीस एकटी!"

पुतळाबाईनं पुस्तक उघडलं, तशी रतनबाई म्हणाली, "थांब. उघडलं तर मधी सोडायचं न्हाई. आन जागा बदलायची न्हाई कुनी. माझ्या सासऱ्यानं पोथी अर्धी सोडली, आठ दिसांत म्हस गेली."

"मावशी, ही पोथी न्हाई. पोरांचं पुस्तक हाय."

"छापल्यालं हाय न्हवं? मंग झालं तर."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत पोथी लावतात तशी ती कादंबरी लागली. पुतळाबाई करंजाच्या बुंध्याशी, रतनबाई समोर, सगळ्यांत धाकटी गंगी उजवीकडं. वाक्य संपलं की रतनबाई "व्हय" म्हणायची.

गोष्ट अशी होती. एक कुटुंब सुट्टीत डोंगरावरच्या एका जुन्या बंगल्यात राहायला येतं. आई, वडील, मोठी मुलगी नलू, धाकटा भाऊ. बंगल्यामागं पायऱ्यांची विहीर असते. तिसऱ्या प्रकरणात नलू कळशी घेऊन विहिरीत उतरते, शेवटच्या पायरीवर पाय ठेवते आणि दिसेनाशी होते. पाणी हलत नाही. कळशी पायरीवर तशीच उभी.

पुतळाबाईनं हे वाचलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पलीकडं पुरुष पहारी मारत होते, रुळावरून इंजिन जात होतं. तरी बारा बायकांपैकी एकीच्याही तोंडातला घास हलला नाही. गंगीनं पुतळाबाईच्या लुगड्याचा काठ धरला होता. पुतळाबाईला स्वतःच्या दंडावर काटा दिसला. तिनं आयुष्यात वाघाची डरकाळी ऐकली होती, सुरुंग चुकून उडालेला पाहिला होता. त्या भीतीला कारण होतं. इथं नुसती शाई होती कागदावर, आणि ती वाचणारी तीच होती. स्वतःच्याच तोंडून निघालेल्या शब्दांनी आपण एवढ्या कशा भ्यालो, हे तिला कळेना.

खाणीच्या तळाला पाणी साचायचं. तिथं उतरायला दगडातच पायऱ्या काढलेल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून पाणी आणायला एकटी बाई जाईना. दोघी जायच्या, आणि एकमेकींना ऐकू जाईल असं मोजत उतरायच्या. "नऊच हायेत गं," रतनबाई खालून ओरडायची, "काल बी नऊच व्हत्या!"

मग पाचवं प्रकरण आलं. चौथ्यात सगळं घर नलूला शोधत होतं. पाचवं सुरू झालं आणि नलू ओट्यापाशी उभी राहून भावाला चहा गाळून देत होती.

रतनबाईनं "व्हय" म्हटलं नाही. "कोन चा देतंय?"

"नलू."

"ती तर गेली न्हवं?"

"हितं नलूच लिवलंय."

पुतळाबाईनं पुन्हा वाचलं. नलूच. सहाव्या प्रकरणात आई नलूच्या नावानं रडत होती. सातव्यात नलू आईच्या वेण्या घालत होती. कुणी आश्चर्य करत नव्हतं, कुणी "कुठं होतीस" म्हणून विचारत नव्हतं.

"पुतळे," रतनबाई म्हणाली, "तुला वाचाया येत न्हाई."

बायका हसल्या. पुतळाबाईही हसली असती, पण रतनबाई हसत नव्हती. तिनं कमरेची पिशवी चाचपली. "मंग माझ्या पोराचं, सोपानाचं पत्र? 'ताप उतरला' म्हून वाचलंस. उतरला व्हता का चढला व्हता?"

बाराजणींपैकी सातजणींची पत्रं पुतळाबाईनं वाचली होती.

त्या दुपारी तिच्या ढिगात चुरा पडला. दगड न फिरवताच हातोडा पडत होता. तिला पुस्तकाचा राग आला नाही. पुस्तक चुकलं असेल हे तिच्या मनातही आलं नाही. छापलेलं कसं चुकेल? चुकलो असू ते आपणच. वर्षभर कंदिलापुढं बसलो, पाठ मोडली, आणि शिकलो ते चुकीचंच शिकलो. आता सोपानाचा ताप उतरला होता की चढला होता, हे कोण सांगणार?

खाणीच्या भट्टीवर भिकाजी आबा पहारींना टोक काढायचे. ते वराळ्याचे. श्रावणात गावच्या देवळात पोथी तेच वाचायचे आणि तेच अर्थ सांगायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई त्यांच्यापुढं उभी राहिली.

"आबा, एवढं वाचून दावा. हितून."

"आन माझं काम कोन करनार?"

"भाता मी मारते."

आबांनी चष्मा चढवला. त्याची एक काडी मोडलेली होती, तिच्या जागी दोरा होता. ते पोथीच्या सुरात पाचवं प्रकरण वाचू लागले. नलूनं चहा गाळला. पुतळाबाई भाता मारत ऐकत होती. शब्दाला शब्द तोच होता. आबा पान उलटून मागं गेले, पुन्हा पुढं आले. मग सूर गेला आणि ते मनातल्या मनात वाचू लागले. भट्टीतल्या पहारीचं टोक लाल झालं, पांढरं झालं, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या.

"आबा, पहार!"

टोक जळालं होतं. असं टोक कापून टाकावं लागतं आणि सगळी मेहनत पहिल्यापासून करावी लागते. तीस वर्षांत आबांच्या हातून हे झालं नव्हतं. त्यांनी पहारीकडं पाहिलं, पुस्तकाकडं पाहिलं.

"तू बरोबर वाचलंयस," ते म्हणाले. "लिवल्यालंच तसं हाय."

"मंग अर्थ काय ह्येचा?"

"पोथीचा अर्थ मला ठावं असतो, कारन माझ्या बापानं मला सांगितला. ह्येचा कुनी सांगितल्याला न्हाई. तुजा तूच बघ." पुस्तक परत देताना त्यांनी विचारलं, "पुढं काय हुतं त्या पोरीचं?"

दुपारी आबा स्वतः करंजाखाली येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पुतळाबाई वाचती ते खरं हाय. मी बघितलंय." एवढं बोलून ते गेले नाहीत, टेकले. पुढची सारी प्रकरणं त्यांनी तिथंच ऐकली.

शेवटचं चौदावं प्रकरण शनिवारी झालं. आई विहिरीत उतरते, तिला पाण्याकाठी नलू सापडते, ती नलूचा हात धरते आणि दोघी पायऱ्या चढू लागतात. समाप्त.

"चढल्या का न्हाई?" गंगीनं विचारलं.

"न्हाई लिवलं."

"आन ती जित्ती व्हती का मेल्याली?" रतनबाई तडकली. "ही काय समाप्ती झाली? वाचलंस बरोबर, मानलं. पर मला काय कळलं सांगू? काय बी न्हाई! आन रातीला डोळा लागत न्हाई ते येगळंच."

रविवारी खाण बंद असायची. पुतळाबाईनं घरची कामं उरकली आणि ओसरीत बसून पुस्तक पहिल्यापासून काढलं. या वेळी ती ऐकवण्यासाठी वाचत नव्हती. दगड फिरवावा तशी ती ते पुस्तक फिरवत होती. कुठंतरी शीर असणार. तिनं अंगणातले चौदा खडे घेतले, प्रकरणाला एक. नलू घरात आहे त्या प्रकरणाचा खडा डावीकडं, नलू हरवलेली आहे त्याचा उजवीकडं. मग डावीकडच्या प्रकरणांत असं काय आहे जे उजवीकडच्यांत नाही, ते ती शोधू लागली. चूल तीच, माणसं तीच, पाऊस दोन्हीकडं. तिचा नवरा कोंडू येऊन बघून गेला आणि म्हणाला, "सागरगोटे खेळायचं वय हाय का हे?"

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा तिला सापडलं. प्रत्येक प्रकरणात कुणी ना कुणी पाण्याला जात होतं आणि लिहिणाऱ्यानं पायऱ्या मोजल्या होत्या. इतक्या सहज, की वाचताना त्यावरून जीभ घसरून जावी. उजवीकडच्या प्रत्येक प्रकरणात सोळा. डावीकडच्या प्रत्येक प्रकरणात सतरा.

म्हणजे बंगले दोन होते. एक विहिरीच्या वर, एक पाण्याच्या आत, हुबेहूब वरच्यासारखा. सतरावी पायरी फक्त आतल्या माणसांना होती, आणि आपण आत आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तिनं पहिलं पान उघडलं. कुटुंब बंगल्यात येतं, नलू हसत विहीर बघायला धावते आणि मोठ्यानं पायऱ्या मोजते. सतरा.

पुतळाबाईच्या डोक्यावरचे केस उभे राहिले. पुस्तक सुरू व्हायच्या आधीच पोरगी बुडालेली होती, तिसऱ्या प्रकरणात सांगितलं ते त्याच्याही आधीचं. ते पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, बारा बायकांनी ते कानांनी ऐकलं होतं आणि तिनं स्वतःच्या तोंडानं ते वाचलं होतं.

घाईघाईनं तिनं शेवटचं पान काढलं. आई नलूचा हात धरून चढू लागते. उतरताना सोळा होत्या, चढताना आकडाच नव्हता. चौदा प्रकरणांत तेवढ्या एका ठिकाणी लिहिणाऱ्यानं पायऱ्या मोजल्या नव्हत्या. आई मुलीला वर घेऊन आली की स्वतःच खालची झाली, हे त्यानं हातचं राखून ठेवलं होतं.

भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. कुणीतरी माणूस एका जागी बसला असेल. त्यानं पहिल्या पानावर एक पायरी जास्त घातली, तेव्हाच त्याला ठाऊक होतं की शेवटी आपण मोजणार नाही. मधली सगळी पानं त्यानं तो आकडा सांभाळला, कुठंही चुरा पडू दिला नाही. एवढ्या मेहनतीचं काम तिनं दुसरं पाहिलं नव्हतं, आणि ते दिसू नये म्हणूनही त्यानं मेहनत घेतली होती.

सोमवारी तिनं बायकांना सांगितलं. पानं काढून दाखवली, आकडे वाचून दाखवले. आबा उभ्यानंच म्हणाले, "आरं तिच्या!" गंगी रडायला लागली. रतनबाईनं कमरेच्या पिशवीतून सोपानाचं पत्र काढलं, घडी उलगडली आणि पुतळाबाईपुढं धरलं.

"पुन्यांदा वाच."

पुतळाबाईनं वाचलं. ताप उतरला होता.

"व्हय," रतनबाई म्हणाली. घडी घालता घालता तिनं विचारलं, "मंग आता पयल्यापास्नं कवा लावतीस? आता मला कळंल. समद्या पायऱ्या मी मोजते."

पण पुस्तक वाचनालयाचं होतं आणि मुदत संपली होती. गुरुजी ते घेऊन गेले, आणि वाडीतला वर्गही त्याच महिन्यात संपला. पुतळाबाईनं शेवटच्या पानावरचा प्रकाशकाचा पुण्याचा पत्ता आधीच उतरवून घेतला होता. पुस्तक मागवायला तिनं एक कार्ड लिहिलं. तिच्या हातून गेलेलं ते पहिलं पत्र. बायका वर्गणी काढायला निघाल्या होत्या, तिनं घेतली नाही. "ऐकनं समद्यांचं," ती म्हणाली, "पुस्तक माझं."

तीन आठवड्यांनी दुपारी पोस्टमन सायकल ढकलत खाणीत आला. व्ही.पी. होती, पैसे मोजून सोडवायची. दोन रुपये आणि वर टपालखर्च, म्हणजे दोन दिवसांची खडी. पुतळाबाईनं कनवटीचे पैसे मोजून दिले, कागदावर पूर्ण नाव लिहिलं, आणि सुट्टी संपायला अजून वेळ होता म्हणून तिथंच दातांनी पार्सलचा दोरा तोडला.