देवळीतली वाटी

रुपालीचं काम कुणाला दिसत नाही. देऊळघाटाहून ती रोज बुलडाण्याच्या एका खाजगी धान्यबाजारात येते आणि तिथला सर्व्हर सांभाळते. एका लोखंडी पेटीत दोन आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेले, संगणक. एक काट्यावरचं वजन घेतो, दुसरा भाव लावून शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी काढतो. दोघं एकाच पेटीत, तरी एकाचा निरोप बाहेरच्या जाळ्यातून फिरून दुसऱ्याकडे यायचा. सोयाबीनच्या गर्दीत पट्ट्या रखडायच्या, ट्रॅक्टर तुंबायचे.

"शनिवारपर्यंत सुधारलं नाही, तर काम पुण्याच्या कंपनीला देतो," सचिव वैजनाथराव म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून तिला ते खरं वाटलं.

तिनं पेटीतल्या मेमरीचा एक कोपरा दोघांत सामाईक केला. एकानं तिथं वजन ठेवायचं, दुसऱ्यानं तिथूनच उचलायचं. पट्ट्या भराभर निघाल्या. मग रंगराव नावाचे शेतकरी पट्टी घेऊन खिडकीशी आले.

"पोरी, माह्या ट्रॉलीत हत्ती बसला होता काय वं?"

"वजन जास्त आलं तं काऊन बोंबलता?" मागून कुणी तरी हसलं.

"जास्त माह्यं आलं, म्हंजे कमी तुह्यं येईन बे!"

पहिलं वजन उचललं जाण्याआधीच पुढच्या ट्रॉलीचं त्यावर येऊन बसलं होतं. रुपालीनं जुनी वाट परत सुरू केली. ट्रॅक्टर पुन्हा तुंबले. हातात उद्याचाच दिवस होता.

वाटण्या झाल्यापासून तिच्या घरात मधोमध भिंत आहे. पलीकडे काकू राहते. भिंतीत एकच वाटी मावेल अशी आरपार देवळी तेवढी ठेवलेली. संध्याकाळी आईनं, पुष्पाबाईनं, तिथं भाजीची वाटी ठेवली आणि विरजणाची दुसरी हातात धरून उभी राहिली.

"जनकाबाई, उचला की."

"थांब वं बाई, हात पिठाचे हायेत."

मग पलीकडून वाटी उचलली गेली, भिंतीवर टकटक झाली, तेव्हा आईनं दुसरी वाटी ठेवली. लहानपणापासून ऐकलेला आवाज. रुपाली चहा तसाच ठेवून उठली.

शनिवारी सकाळी तिनं पेटीत तोच नियम घातला: उचलल्याची खूण आल्याशिवाय नवं वजन ठेवायचं नाही. आधी रिकाम्या काट्यावर, मग भरल्या ट्रॉल्यांवर तपासलं. रंगरावांनी दुसरी खेप आणली होती. पट्टी डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी वाचली.

"उतरला हत्ती," ते म्हणाले.

दुपारी वैजनाथराव मोकळ्या आवारात उभे होते. पुण्याचं नाव त्यांनी काढलं नाही. "तूर आली की तिचाही काटा याच्यावरच घे," एवढंच म्हणाले.

रुपाली पेटीपाशी येऊन बसली. आतून फक्त पंख्याची घरघर येत होती. तरी ती टकटकीसाठी कान देऊन बसली.