शेजारचा विस्तव

केशोरीच्या शाळेत माझी बदली झाली, त्याच वर्षी मला मास्तरांची वरची परीक्षा द्यायची होती. नेमलेल्या कादंबरीत पुरात गाव वाहून गेलेला एक ढीवर कोळी टेकडीवर एकटाच उरतो आणि पावसाळाभर एक विस्तव विझू देत नाही. मी वहीत लिहिलं: नायक निश्चयी; संघर्ष माणसाचा निसर्गाशी; विस्तव हे आशेचं प्रतीक. लिहून स्वतःवर खूश झालो, पण वाचून दाखवायला कोणी नव्हतं. म्हणून कुंपणापलीकडे धान पाखडत बसलेल्या शेजारणीला गोष्ट सांगितली आणि विचारलं, तो विस्तवाला एवढा का जपत असेल?

तिने सूप थांबवलं नाही. "शेजारी कोनी नाही ना त्याले, मास्तर. विझला तं मांगन कोनाले?"

मला रागच आला. हिला प्रतीक काय कळणार, असं पुटपुटत मी आत गेलो.

सकाळी ओट्यावरून पाहिलं, तर बाया गोवरीच्या तुकड्यावर विस्तव घेऊन या दारातून त्या दारात जात होत्या, दारात थांबून बोलत होत्या. हे रोजचंच होतं. माझ्याकडे काडेपेटी होती. आठ महिन्यांत मी कोणाच्या दारात गेलो नव्हतो आणि माझ्या दारात कोणी आलं नव्हतं.

वहीतलं मी खोडलं नाही. परीक्षकाला तेच हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी काडेपेटी ट्रंकेत टाकली आणि गोवरीचा तुकडा घेऊन शेजारणीच्या दारात उभा राहिलो. 'विस्तव द्या' एवढं म्हणायला मला फार वेळ लागला.