सरांच्या नावाचा माळ

गवतसर वृक्षारोपणाला कधीही गेले नाहीत. पावसाळ्यात कॉलेजच्या आवारात रोपांचा टेम्पो यायचा, पाहुण्यांच्या हातात कुदळ दिली जायची, फोटो निघायचे. आणि वनस्पतिशास्त्राचे आमचे एकमेव प्राध्यापक त्या वेळी ग्रंथालयात, माझ्या टेबलासमोर, वर्तमानपत्र उघडून बसलेले असायचे. प्राचार्य शिपायाला पाठवायचे. सर मान वर न करता सांगायचे, "म्हनावं, सर झाडाला भिऊन राहिले."

झाडांशी त्यांचं वैर नव्हतं. त्यांच्या दारातला कडुनिंब त्यांनीच वाढवलेला. त्यांचं भांडण होतं ते माळावर झाडं लावण्याशी. "घरापाशी लावा, बांधावर लावा, शाळेत लावा. माळावर काहून? लोकांला वाटतं, माळ म्हंजे जंगल तुटून राहिलेली उघडी जागा. आरे, तो पहिल्यापासून माळच हाय. त्याचं पीक गवत हाय." औंढ्याकडून येताना आमच्या गावाच्या अलीकडे तो माळ लागतो. मुरमाड, चढउताराचा, सरकारी कागदावर 'पडीक'. सरांचं सगळं संशोधन त्या माळावरच्या गवतांवर झालं. म्हणून ते गवतसर. हे नाव विद्यार्थ्यांनी चिडवायला ठेवलं होतं. पुढे सरांच्या पत्नी, आमच्या काकूसुद्धा, फोनवर "गवतसरच्या घरून बोलते" असं सांगू लागल्या.

मी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्याच कॉलेजात ग्रंथपाल झाले. आमची घरंही एकाच वस्तीत, बुद्धविहारामागच्या गल्लीत. सरांच्या घराण्यात जमीन कधीच नव्हती. त्यांचे वडील हंगामात हळद शिजवायला कुरुंद्याकडे जायचे, दुसऱ्यांच्या कढईवर. सर शिकले, प्राध्यापक झाले, तरी त्यांनी वावर घेतलं नाही. कुणी विचारलं तर माळाच्या दिशेनं हात करायचे. "ते काय, येवढं पडलंय की."

माळावरून आले की ते स्टाफरूममध्ये बसून पायमोज्यात अडकलेली कुसळं काढायचे. आपण कुसळ काढून फेकतो. सर ती कागदाच्या पुडीत जमा करायचे आणि पुढच्या खेपेला माळावर सोडून द्यायचे. "बियाणं हाय ते. चुकून माझ्यासंगं आलं. घरी जाऊ दे त्याला." पहिल्या वर्षाच्या वर्गात ते ओल्या फडक्यावर एक कुसळ ठेवत. थोड्या वेळानं त्याची वाळकी शेपटी पिळा सोडत हळूहळू गोल फिरू लागायची आणि टोक फडक्यात घुसायचं. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे यायची. सर म्हणायचे, "पाय न्हाईत, डोळे न्हाईत, तरी आपली जागा आपन खनून राहिलंय. किती पिढ्या लागल्या आसतील हे शिकायला? आन् आपन त्याला कचरा म्हनतो."

त्यांची दुसरी आवडती गोष्ट म्हणजे मुळं. पावसानं कापलेल्या नाल्याच्या काठाशी ते आम्हाला नेत. वर वीतभर गवत आणि खाली, कापलेल्या मातीत, हाताहूनही लांब लोंबणारी मुळं. ते सांगायचे की गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो. जनावरानं शेंडा खाल्ला, वणव्यात पातं जळालं, तरी ते पुन्हा उठतं; लाखो वर्षं चरणाऱ्या जनावरांसोबत राहून ते तसं घडलेलं आहे. "फकत मुळासगट उलथलं की संपलं. मग तुमी बी टाका, पानी द्या, जुना माळ मान्साच्या जन्मात परत येत न्हाई." अलीकडे या विषयावर जगभर नवं संशोधन येत होतं. मी ते लेख शोधून, छापून त्यांच्यासाठी ठेवायचे. जुन्या गवताळ जमिनीवर झाडं लावली की तिथले पक्षी-कीटक जातात, गवत मातीत जो कर्ब साठवून ठेवतं त्याचा हिशेब कुणी धरत नाही, असं त्यात असायचं. सर वाचून चष्मा काढायचे. "आपल्याला वाटत होतं, आपन येकलेच येडे. हे बघ, आफ्रिकेत बी हायेत."

हिवाळ्यातल्या संध्याकाळी ते मला आणि काकूंना माळावर न्यायचे. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी तेव्हा येतात. ससाण्यासारखे, पण हे झाडावर झोपत नाहीत. उंच गवतात, जमिनीवर रात्र काढतात. सूर्य टेकला की ते एकेक करून येत, माळावर जमिनीलगत घिरट्या घेत आणि पाय सोडून गवतात अलगद उतरत. तिथं शेळ्या चारणारे रशीदचाचा सरांचे जुने दोस्त. ते म्हणायचे, "सर, तुमचे पाहुने इतक्या दूरून येतेत, आन् च्या बी न पिता झोपून जातेत. कसले पाहुने म्हनावं!"

"तुमच्या बकऱ्या निम्मं अंथरून खाऊन टाकतात, चाचा. झोपायला मिळतं हेच नशीब त्यांचं."

"बराबर. मग बकऱ्याच्या नावानं येक लेख लिवा की!"

सरांनी खरंच लिहिला. बेतानं चराई झाली तर माळाचं भलंच होतं, असा. चाचांनी तो लेख घडी करून ताइतासारखा खिशात बाळगला, वाचता येत नसतानाही.

एक गोष्ट मात्र सरांनी गावाला शिकवली आणि गावानं ती मनापासून घेतली. कयाधू नदीत राख सोडायची नाही. विहारातल्या एका बैठकीत ते म्हणाले होते, नदीत आधीच पाणी उरलेलं नाही, मासे उरलेले नाहीत. आपल्या माणसाची राख आपल्या वावराच्या बांधावर पुरा आणि तिथं एक झाड लावा. तेव्हापासून आमच्या गावात सगळ्या जातींत हीच रीत झाली. बांधावरचा आंबा दाखवून लोक सांगतात, हे आमचे दादा, ही आमची माय.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी सर गेले. सकाळी माळावरून आले, पाणी मागितलं आणि काकू तांब्या घेऊन येईपर्यंत खुर्चीतच मान कलली होती. पायांत मोजे तसेच होते.

दोन-तीन दिवसांनी विहारासमोर सगळं गाव जमलं. सरपंच बोलायला उठले. "सरनंच आपल्याला सांगितलं, राख ज्याच्या त्याच्या वावरात ठेवा म्हनून. आता सरची राख कुठं ठेवायची? सरला वावर कुठं हाय?" मग मागून आवाज आला, "सरचं वावर म्हंजे माळ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच म्हणाले, "बराबर. सबंध माळावर झाडं लावू. सरच्या नावाची पाटी लावू. सबंध जिल्ह्यात आसं दुसरं वन नसलं पाहिजे."

मी बैठकीत बोलणारी बाई नाही. त्या दिवशी उठले आणि जितकं माहीत होतं तितकं सगळं बोलले. सर काय म्हणायचे ते, मुळांचं, पक्ष्यांचं. लोकांनी शांतपणे ऐकलं. त्या ऐकण्यात दया होती. सरपंच म्हणाले, "ताई, तुमचं दुःख कळतं आमाला. पन सर सबंध जन्म त्या उजाड माळावर उन्हात फिरले. आता तरी तिथं सावली होऊ द्या." रशीदचाचा उठून म्हणाले, "ही पोरगी खरं बोलून राहिली. सरला हे चाललं नसतं." कुणीतरी हसून म्हणालं, "चाचा, तुमाला बकऱ्याचं पडलं." आणि लोक हसले. चाचा खाली बसले.

आता फक्त काकूच थांबवू शकत होत्या. त्यांनी नको म्हटलं असतं तर सरपंचांनी एकही खड्डा घेतला नसता. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या दारात कडुनिंबाखाली बसल्या होत्या.

"काकू, तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"मला का ठाव न्हाई ते काय म्हनायचे?" काकू म्हणाल्या. "सबंध जन्म त्यांच्या पँटीची कुसळं म्या वेचली. पन माझ्या सासऱ्याची राख ठेवायला कुनी बांध दिला नव्हता. नदीत टाकली, ती बी गावाच्या खालच्या अंगानं. ह्या गावात आमच्या घराच्या नावानं हातभर जमीन न्हाई. आज सरपंच स्वतः दारात येऊन म्हनला, सबंध माळ तुमच्या मान्साच्या नावानं. त्याला न्हाई म्हनू? माळ तसाच ठेवला तर नाव कशावर लिहितील? गवतावर कुनाचं नाव राहतं का गं?"

मी कडुनिंबाखालून उठून घरी आले.

जेसीबी आला. सकाळपासून रांगेनं खड्डे पडत गेले, आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी मुरमाच्या ढिगावर गवताची थोंबं, झुबकेच्या झुबके, उलटी पडत गेली, मुळं आभाळाकडे करून. लोक घरचं लग्न असल्यासारखे राबत होते. जमीन भिजल्यावर त्रिशरण-पंचशील झालं, मधल्या खड्ड्यात राख ठेवली, वर पिंपळाचं रोप लावलं. माझ्याही हातात एक रोप दिलं गेलं. मी ते लावलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. माळाभोवती काटेरी तार आली, सरांच्या नावाची पाटी आली. रशीदचाचांनी शेळ्या विकल्या.

हिवाळ्यात मी आणि चाचा तारेबाहेर उभे राहिलो. कुणीच येणार नाही, असं वाटत होतं. पण भोवत्या आले. नेहमीसारखेच सूर्य टेकताना, जमिनीलगत, पंख पसरून. त्यांनी माळावर एक घिरटी घेतली, मग आणखी एक. खड्ड्यांच्या रांगा, ढीग, काठ्यांना बांधलेली रोपं. त्यांना उतरायला जागा मिळत नव्हती. अंधार पडेपर्यंत ते फिरत राहिले आणि मग उंच चढून डोंगरकड्याच्या दिशेनं निघून गेले. चाचा म्हणाले, "पाहुने बराबर पत्त्यावर आले. घरच न्हाई राहिलं." दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. ते आले नाहीत.

सरकारी वृक्षारोपणाची रोपं आमच्याकडे उन्हाळ्यात वाळून जातात. मनात, सांगायला नको, मी त्याचीच आशा धरून होते. पण ही रोपं वाळत नाहीत. गावात प्यायच्या पाण्याची तकलीफ असताना लोक माळावर टँकर नेतात. बाया वस्तीतून घागरी आणतात. ज्यांची मुलं सरांकडे शिकली ते हिंगोलीहून ड्रम घेऊन येतात. माणसावर इतकं प्रेम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. त्या प्रेमानं सरांचा माळ संपतो आहे, आणि कुणावर रागवावं हे मला कळत नाही. सरांसाठी छापलेले शेवटचे लेख अजून माझ्या टेबलावर आहेत. नवे येतात, मी तेही छापते.

काल काकूंनी बोलावलं म्हणून माळावर गेले. त्या पिंपळाला पाणी घालत होत्या. रोपाला नवी, तांबूस पानं फुटली आहेत. सगळा माळ वाळका, आणि तेवढ्या ओल्या आळ्यात मात्र रोपाच्या बुडाशी गवताचं एक थोंब हिरवं झालेलं. उलथताना एखादं मूळ मातीत राहिलं असणार. कुसळीच होती, सरांच्या मोज्यात कुसळं अडकायची तेच गवत.

"ते गवत काढ गं तेवढं," काकू म्हणाल्या. "ह्यांचं पानी पिऊन राहिलंय."

मी खाली बसले. ओल्या मातीत बोटं घातली. थोंब सैल होतं. एका हिसक्यात मुळासकट आलं असतं. वरची पाती मुठीत धरली आणि जमिनीच्या वरून खुडली. कोंब खाली राहिला.

एका थोंबानं माळ होत नाही. पिंपळ मोठा झाला की सावलीत तेही जाईल.

"निघालं का?" काकूंनी विचारलं.

"निघालं," मी म्हणाले, आणि त्यांच्या हातची घागर घेऊन आळ्यात पाणी घातलं.