खुन्नस कुठून येते

हिंगणघाटात सलोख्याची पत्रकं वाटताना मी एका कापड दुकानदाराला रोज पाहतो. सकाळी तो दुकानापुढे पाणी शिंपतो आणि शेजारच्या दुकानाची हद्द आली की हात थांबवतो. शेजारी त्याचा सख्खा चुलतभाऊ आहे.

त्या दिवशी चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. बोलावणं आलं होतं, तरी हा गल्ल्यावरच.

"लग्नाले काऊन नाई गेले, काकाजी?"

"खुन्नस हाय."

हिंदीतून आपल्याकडे आलेला हा शब्द इथे राग, असूया आणि जुनं वैर एकदमच सांगतो. पण त्याची खुन्नस कुठून आली, ते मला हवं होतं.

"कायची खुन्नस?"

"मले नाई मालूम. बाबाले मालूम होतं."

"मग सोडून द्या नं."

त्यानं ताग्याची घडी तळहातानं सारखी केली. "घर विकलं, दुकान नवं केलं. बाबाची तेवढीच वस्तू राह्यली माह्यापाशी."

द्वेष म्हणजे विष, असं मी पत्रकांत कितीदा लिहिलंय. कुणी तो मायेनं जपत असेल, हे कधी सुचलं नव्हतं.

मग शटर अर्धं ओढून तो म्हणाला, "मांडवाकडूनच आला नं तू? पंगत बसली काय?"