छावणीतलं दूध

पुराच्या छावणीत मी नऊ दिवस काढले आणि त्यातले आठ दिवस शेजाऱ्याशी बोललो नाही. शाळेचा एकच वर्ग, दोन सतरंज्या. एकीवर माझं कुटुंब, दुसरीवर त्याचं. मध्ये मी मुद्दाम आमची लोखंडी पेटी ठेवली होती.

भांडण टेम्पोच्या भाड्यावरून झालं. पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा त्यानं टेम्पो आणला. त्याच्या दोन म्हशी, माझी एक. म्हणाला, "निम्मं भाडं दे आणि चढव."

"दोन तुझ्या, एक माझी. निम्मं कुठल्या शाळंत शिकवत्यात? तिसरा हिस्सा देतो."

"लेका, मागं पाणी बघ की!"

"पाणी बघून भाव वाढवतोस व्हय?"

शिरोलीच्या फाउंड्रीत वाळू उपसत मी सुरुवात केली. पुढं जुन्या मोटारींच्या धंद्यात उभा राहिलो तो असाच, हिशेबाला चिकटून. त्या धंद्यातून घेतलेली पहिली वस्तू म्हणजे ही म्हैस. दावं हातात घेतलं आणि तिला घेऊन मागं फिरलो. टेम्पो गेला.

मागच्या पुराची रेघ आमच्या गोठ्याच्या भिंतीवर रंगानं ओढलेली आहे. पाणी तिच्यावर जायचं नाही, अशी सगळ्या गल्लीची खात्री. गोठ्याची मागची बाजू रेघेपेक्षा उंच. तिथं म्हैस बांधली, पुढ्यात चार दिवसांचा कडबा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट आली, ती फक्त माणसांना न्यायला. निघताना बायकोनं विळा पुढं केला.

"दावं तरी कापा. जाईल पवत कुठंतरी."

"जाईल आणि दुसऱ्याच्या दावणीला दिसंल. ऱ्हाऊ दे."

छावणीत संडासाला रांग, ओलं अंथरूण, दोन्ही वेळेला खिचडी. मदत देणारे आधी फोटो काढायचे, मग बिस्किटाचा पुडा हातातून सोडायचे. सुख एकच होतं, दूध. रस्ते बंद, डेअरीची गाडी येईना. शेजाऱ्याच्या म्हशी शाळेच्या आवारातच बांधलेल्या. दूध घालणार कुठं? सगळ्यांच्या चहाला तो पातेलंभर द्यायचा, पोरांच्या पेल्यात थेट धार काढायचा. संध्याकाळी सगळी छावणी त्या म्हशींभोवती जमायची. एक म्हातारी म्हणाली, "पूर असाच ऱ्हाऊ दे बाबा. घरात सून एवढं दूध दावत न्हाय." सगळे हसले, सूनही हसली.

मी कोरा चहा प्यायचो.

"दुधाला भाडं लावत न्हाय मी," शेजारी पेटीपलीकडून म्हणाला. मी पाठ फिरवली. बायको मात्र प्यायची. माझ्यासमोर बसून, वाटीभर, सावकाश.

चौथ्या दिवशी बोटीवरच्या एकानं सांगितलं, तुमच्या गल्लीत रेघा दिसत नाहीत आता, भिंतीच बुडाल्यात. त्यानंतर शेजाऱ्यानं टोमणा मारला नाही. टोमण्यापेक्षा ते मला जास्त झोंबलं. म्हशी पिळताना तो माझ्याकडे बघायचं टाळायचा.

एक म्हैस आणि दोन म्हशी, म्हणजे तिसरा हिस्सा. हा हिशेब कुणाकडूनही तपासून घ्या. तो आजही बरोबर आहे.

नवव्या दिवशी गुडघाभर चिखलातून घरी आलो. वास गल्लीतच आला. म्हैस जिथं बांधली होती तिथंच होती. दाव्याची गाठ पाण्यानं फुगून अशी आवळली होती की नखानं सुटेना. मी झटत बसलो. शेजारी न बोलावता आला, नाकाला टॉवेल बांधून.

"सर बाजूला," मी म्हणालो. "माझी म्हैस हाय."

तो सरला नाही. बायकोनं घरातून विळा आणला आणि माझ्या हातात न देता त्याच्या हातात दिला. त्यानं दावं कापलं, म्हशीच्या मागच्या पायांना दुसरा दोर बांधला आणि त्याचं टोक माझ्याकडे फेकलं.

"वढ," तो म्हणाला.

मी ओढायला लागलो.