जेफेरीनचं पाप

जेफेरीन टेलरची पापं सगळ्या गावाला पाठ होती. त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, गुडघे टेकले की तो पाद्रीच्या कानात बोलतोय असं त्यालाच वाटायचं. प्रत्यक्षात अख्ख्या इगर्जीला, सगळ्या चर्चभर, ऐकू जायचं. बायकोवर ओरडलो. संध्याकाळी तेर्साची माळ जपताना पेंग आली. शनिवारी देतो म्हटलेला सदरा बुधवारी दिला. विगार पाद्री प्रायश्चित्त म्हणून तीन नमान मोरये म्हणायला सांगायचा, मागच्या रांगेतल्या बाया तोंडावर हात धरून हसायच्या आणि जेफेरीन स्वच्छ होऊन घरी पेज जेवायला जायचा. बासष्ट वर्षांत त्याच्या पापांत नवीन भर पडली नव्हती. इतका सरळ माणूस.

नवव्या वर्षी बापानं त्याला मशीनवर बसवलं, तो उठलाच नाही. लग्नाचे कोट, शाळेचे गणवेश आणि मुर्से. मुर्सा शिवावा तर जेफेरीननंच. पांढऱ्या झग्यावर खांद्यांवरून घ्यायचा तो आखूड अंगरखा. फेस्ताला, मिरवणुकीला, मयताला कोंफ्रारीचे, म्हणजे इगर्जीच्या मंडळाचे, लोक तो घालतात. गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ जमीनदार घराण्यांच्या, कोंफ्रारीचा तांबडा, बाकीच्यांच्या कोंफ्रारीचा निळा. जेफेरीन गावकार, म्हणजे तांबडा. आजोबांनी त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, की तांबडा रंग म्हणजे सोमियाचं, येशूचं, रक्त, आणि ते सांभाळायला देवानं आपल्याला निवडलं. जेफेरीननं ते ऐकलं आणि विषय संपला. शंका घ्यायला त्याला वेळ कुठं होता, कामं पडली होती.

निळ्या मुर्स्यातला रुझार रेंदेर त्याचा जुना दोस्त. दिवसातून तीनदा माडावर चढायचा, आणि सकाळची सूर, म्हणजे ताजी माडी, उतरवली की जेफेरीनच्या बल्कांवाच्या, घरापुढच्या ओट्याच्या, पायरीवर बसून विडी ओढायचा. पायरीवर, वरच्या बाकावर नाही. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि दोघांपैकी कुणालाही त्यात काही खटकलं नव्हतं, असं निदान जेफेरीन समजत होता.

त्या वर्षी इस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत जेफेरीन दोन मुर्से, एक तांबडा नि एक निळा, एकदमच शिवायला घेऊन बसला होता. रुझारनं विडी विझवली.

"जेफेरीन बाब, एक विचारू?"

"विचार. दोरा मात्र ओढू नकोस."

"हे दोन्ही तूच कापलेस. कात्री एक, सुई एक. मग ह्यातला देवाचा कुठला?"

"दोन्ही देवाचेच. पण रीत असते."

"रीत कुणाची? देव तुझ्याकडे माप द्यायला आला होता काय?"

जेफेरीन भडकला. "सकाळी सकाळी किती प्यायलास रे? जा, माड वाट बघतोय."

रुझार हसत गेला. पण तो प्रश्न पायरीवरच बसून राहिला आणि उठेना. जेफेरीन हट्टी होता. एखादी शिवण चुकली की सगळा कोट उसवणारा माणूस. तो विगाराकडे गेला. विगार म्हणाला, "जुनी रीत आहे, बाबा. शास्त्रात शोधू नकोस." तो कोंफ्रारीचा मुख्य अवेलीन याच्याकडे गेला. अवेलीननं कपाटातून जुना पोर्तुगीज नियमांचा ग्रंथ काढून वाचून दाखवला. मेणबत्त्या किती, मिरवणुकीत कोण पुढे, वर्गणी न भरल्यास काय. रक्ताचं नाव नाही, निवडीचं नाव नाही.

"मग आजोबांनी सांगितलं ते कुठंय?" जेफेरीननं विचारलं.

"तुझ्या आजोबांना विचार," अवेलीन म्हणाला. "इतकी वर्षं घातलास ना? गप घाल."

गप घालायची सवय असती तर जेफेरीन तसाच घरी गेलाही असता. पण उसवायला घेतलं की धागा कुठंवर जाईल ते शिवणाऱ्यालाही सांगता येत नाही. एका दुपारी काज करता करता त्याला एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. त्याला ती नेहमीच आठवायची, आणि आठवली की बरं वाटायचं.

रुझारचा बाप वारला होता. निळ्या कोंफ्रारीतले निम्मे पुरुष बोटींवर नोकरीला, खांद्याला माणसं कमी. त्याच वेळी जेफेरीन एका गावकाराचं मयत आटोपून तांबड्या मुर्स्यात इगर्जीच्या पायऱ्या उतरत होता. रुझार धावत आला, "बाब, खांदा दे." आणि जेफेरीननं दिला होता! अवेलीनच्या बापानं डोळे वटारले तरी दिला होता. म्हणाला होता, "थांब, मुर्सा काढून येतो." मुर्सा काढला, घडी घातली, पायरीवर रुमाल अंथरून त्यावर ठेवला, आणि मग खांदा दिला.

आज मात्र बरं वाटेना, मुर्स्याला विटाळ नको म्हणूनच तो काढला होता. एकतीस वर्षं तो स्वतःला त्या दिवसासाठी मनातल्या मनात शाबासकी देत आला होता.

दुसऱ्या सकाळी रुझार आल्यावर जेफेरीननं मशीन थांबवलं. "तुझ्या बापाच्या मयताला मी मुर्सा काढला होता. तुला आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तू रुमाल झटकून अंथरलास. दोनदा झटकलास. मी माघारी जाऊन बापाला खांद्यावर घेऊन उभा होतो, तुझी घडी होईपर्यंत."

"मग बोलला का नाहीस?"

"खांदा देत होतास. मागणाऱ्यानं रंग बघायचा नसतो." रुझारनं विडी पेटवली. "पण एकतीस वर्षं लागली रे तुला? कोट शिवायलाही एवढा वेळ लावत नाहीस."

जेफेरीनला शरमेनं मान वर करवेना. आणि त्याच शरमेतून तो पेटला. पुण्यशुक्रवाराच्या, गुड फ्रायडेच्या, आधी कुमसाराची रांग लागली, तेव्हा त्यानं गुडघे टेकले आणि एकच पाप सांगितलं, मुर्सा काढून खांदा दिल्याचं, नेहमीसारखं सगळ्या इगर्जीला ऐकू जाईल असं. रांगेत आज कुणी हसलं नाही.

"ते पाप नव्हे, जेफेरीन," विगार जाळीआडून म्हणाला. "तू तर परोपकार केलास. दुसरं सांग."

"दुसरं नाही."

"बायकोवर ओरडला नाहीस?"

"ओरडलो. त्याची क्षमा तिच्याकडे मागेन. ह्याची शिक्षा द्या."

"ज्यात पाप नाही त्याची शिक्षा कशी देऊ? ऊठ, लोक खोळंबलेत."

"पाद्रीबाब, मी आयुष्यभर तुम्हाला फुटकळ माल दाखवला आणि खरा गाठोड्यात ठेवला. आज गाठोडं उघडलं, तर तुम्ही म्हणता बांधून घरी ने!"

क्षमा न घेताच तो उठला, म्हणून इस्टरला त्यानं सक्रामेंत, मिसाची ती पवित्र भाकर, तीही घेतली नाही. बायको कोन्सूनं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, तिसऱ्या दिवशी बोलली ते न बोललेलं बरं असं.

"म्हातारपणी हे काय खूळ? उद्या मेलास तर पुरायला कोण येईल? मी एकटी?"

"तू आलीस तरी बास," तो म्हणाला. तिनं पळी आदळली.

महिन्याभरात रुझार माडावरून पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. निरोप आला तसा जेफेरीननं पांढरा झगा चढवला, वर तांबडा मुर्सा, आणि भर बाजारातून चालत निघाला. गावकाराचा मुर्सा रेंदेराच्या मयताला आजवर गेला नव्हता. रुझारच्या दारात निळे मुर्से उभे होते. त्यांनी वाट दिली.

पेटी उचलायच्या आधीच अवेलीन धापा टाकत अंगणात पोचला. "जेफेरीन, तो मुर्सा काढ. खांदा द्यायचा तर शर्टावर दे, आम्ही काही म्हणणार नाही."

"मुर्स्याशिवाय एकदा देऊन झालाय."

"मग तुझं नाव कोंफ्रारीतून खोडतो. आजच. तुझ्या मयताला घंटा नाही, मेणबत्ती नाही, एक माणूस नाही. नीट विचार कर."

"एवढंच करतोय रे महिनाभर. खोड. आणि नव्या मुर्स्यांसाठी दुसरा टेलर बघ."

अवेलीन पाय आपटत निघून गेला. सगळं अंगण जेफेरीनकडे बघत होतं. त्याची छाती जरा पुढे आली. तेवढ्यात रुझारची बायको इझाबेल उंबऱ्यातून उठली. तिचे डोळे कोरडे होते.

"जेफेरीन बाब, हा तांबडा कुणासाठी घालून आलास? त्याच्यासाठी, की तुझ्यासाठी?"

'त्याच्यासाठी' हा शब्द ओठांवर होता. शोभला असता, लोकांनी माना डोलावल्या असत्या. जेफेरीननं तो गिळला.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "त्याला ह्याची कधीच गरज नव्हती."

इझाबेल उंबऱ्यातून बाजूला झाली. "त्याच्यासाठी म्हणाला असतास तर दारातून परत पाठवला असता," ती म्हणाली. "जा, मागची डावी बाजू धर. तिथं माणूस कमी आहे."