पहिलं पाणी

रेजिना मावशी गेल्याची बातमी मला पास्कू मास्तरांनी दिली. हे आमच्या चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष. दारातच छातीवर क्रूसाची खूण करून म्हणाले, "फार भोळी बाई होती." भोळी! दवाखान्यात डॉक्टरसुद्धा तिच्या तोंडी लागत नसत... पण मास्तरांना मेलेली माणसं भोळीच लागतात.

मावशी सोलापुरातल्या एका दवाखान्यात रोग्यांच्या चादरी धुवायची आणि रविवारी चर्चमधली वेदीची वस्त्रं. मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, प्याल्यातल्या द्राक्षारसाचं प्रभूचं रक्त होतं, म्हणून तो प्याला पुसलेल्या कापडाचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीतच ओतायचं, अशी आमची रीत. फादरांनी ती तिला एकदा समजावली आणि मावशीनं चादरींनाही लावली. बाळंतिणीची असो की अपघातातल्या हमालाची, रक्ताच्या चादरीचं पहिलं पाणी ती दवाखान्यामागच्या लिंबाला नेऊन घालायची. बहात्तरच्या दुष्काळात तेवढं एकच झाड हिरवं राहिलं, तेव्हा कुठे हा प्रकार मास्तरांच्या ध्यानात आला.

मग कमिटी बसली. प्रभूच्या रक्ताची विटंबना झाली म्हणाले. आयुष्यात स्वतःचा रुमाल न धुतलेली ही माणसं! मावशी उभीच होती. "रगतच हाय की ते, मास्तर. मानसाचं म्हनून गटारीत सोडू व्हय?"

तिच्याकडून वस्त्रं काढून घेतली आणि कमिटीतल्या बायकांना दिली. त्यांनी ती मुकाट्याने आपापल्या मोलकरणींकडे टाकली, त्याची विटंबना मात्र कुणाला दिसली नाही. मावशीला रडताना मी तेव्हाच पाहिलं. पुढे दर नाताळला ती वस्त्रं परत मागायला जायची आणि मास्तर तिला प्रार्थना करायला सांगायचे. देवाच्या नावाने माणूस किती कोडगा होऊ शकतो, ते मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

शेवटी ती त्याच दवाखान्यात खाटेवर पडली, तेव्हा मी उशाशी बसलो असताना मास्तर वस्त्रांचं गाठोडं घेऊन आले. बिशप यायचे होते आणि वस्त्रांवरचे डाग कुणाच्यानं निघत नव्हते. "तुझ्यावर कमिटीचा आता राग नाही," म्हणाले.

मावशीनं गाठोडं सोडूनही पाहिलं नाही. "हात उचलत न्हाईत आता. घिऊन जावा." मग जरा दम घेऊन म्हणाली, "आन माजं काय अडलं न्हाय, मास्तर... ती कापडं मी हितं रोज धूत हुते की."

मास्तर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तापात बरळतेय."